एलटीएसपी लॅबला फायरवॉल लावताय? आधी ब्राउझर कुठे चालतोय ते बघा

शाळेच्या किंवा छोट्या क्लासच्या लॅबमध्ये एक बऱ्यापैकी सर्व्हर आणि त्याच्यावरून नेटवर्कने बूट होणारे पंधरा-वीस जुने पीसी, हा सेटअप अजूनही सगळ्यात स्वस्तात पडतो. नवीन लोक एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, एका सर्व्हरवरून बाकीचे पीसी बूट करून देणारं सॉफ्टवेअर) घेऊन एका दिवसात तो उभा पण करतात. अडतं ते फायरवॉलवर. काहीजण लावतच नाहीत, कारण लावली की क्लायंट बूट व्हायचे बंद होतात. काहीजण कुठून तरी आठ-दहा ओळी कॉपी करून टाकतात, सगळं चालू राहतं म्हणून खूश होतात, आणि मुलं जे उघडायचं ते आधीसारखंच उघडत राहतात. दोन्हीकडे गोची एकच आहे, पॅकेट कुठून निघतं आणि कुणाच्या हातातून जातं हे न बघता नियम लिहिलेले असतात. म्हणून इथे आधी ते बघू, नियम मग.

मी उबंटू किंवा डेबियन, नवीन एलटीएसपी आणि यूएफडब्ल्यू (उबंटूतली सोपी फायरवॉल) धरून लिहितोय. एलटीएसपी प्रोजेक्ट १९९९ चा, पण २०१९ मध्ये तो पूर्ण नव्याने लिहिला गेला, त्यामुळे नेटवर सापडणारी अर्धीअधिक माहिती जुन्या एलटीएसपी ५ ची असते. कुठे "पोर्ट १०८०९ उघडा" असं दिसलं तर ते जुन्या पद्धतीचं आहे, सोडून द्या. आणि कमांडी मी बोलताना म्हणतो तशा लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच त्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायच्या.

पायरी १: ब्राउझर नक्की कोणत्या मशीनवर चालतोय?

क्लायंटवर बसा, लॉगिन करा, टर्मिनल उघडा आणि होस्टनेम टाइप करा. सर्व्हरचं नाव आलं तर तुमचा क्लायंट खराखुरा थिन आहे, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड इथे पण ब्राउझर सर्व्हरवर चालतोय (एक्सआरडीपी किंवा एक्सटूगो, म्हणजे सर्व्हरचा डेस्कटॉप लांबून दाखवणारे प्रोग्रॅम, वापरता तेव्हा असं असतं). क्लायंटचं स्वतःचं नाव आलं तर तो फॅट आहे, म्हणजे डिस्क नाही, सिस्टिम सर्व्हरवरून आली, पण प्रोग्रॅम त्याच पीसीच्या रॅममध्ये चालतायत. नवीन एलटीएसपी बाय डिफॉल्ट असंच चालतं.

याचा फायरवॉलशी संबंध काय, तर फॅट क्लायंटमधून निघालेलं वेबचं पॅकेट सर्व्हरमधून फक्त पास होतं, म्हणजे ते फॉरवर्ड चेनमध्ये (चेन म्हणजे फायरवॉलच्या नियमांची एक यादी) पकडायचं. थिनमध्ये ते पॅकेट सर्व्हरवरच जन्माला येतं म्हणून ते आउटपुट चेनमध्ये पकडायचं, आणि तिथे सगळ्या मुलांचा आयपी एकच असतो, सर्व्हरचा. मग "अमुक आयपीला बंद कर" हा नियम थिन लॅबमध्ये एकतर कुणालाच लागत नाही, नाहीतर सर्व्हरसकट सगळ्यांना लागतो. ही एक गोष्ट पक्की कळली की पुढचं सगळं सोपं आहे.

पायरी २: दोन नेटवर्क कार्ड, आत एक आणि बाहेर एक

सर्व्हरला दोन लॅन कार्ड हवीत असा माझा आग्रह आहे. एक राउटरकडे, एक लॅबच्या स्विचकडे. एकाच कार्डावर सगळं चालतं, एलटीएसपी त्यासाठी प्रॉक्सी-डीएचसीपी मोड देतं (डीएचसीपी म्हणजे आयपी वाटणं, ते राउटर करतो, सर्व्हर फक्त बूटची माहिती देतो), पण मग फॅट क्लायंटचा गेटवे (बाहेर जायची वाट) राउटर असतो, वेबचं ट्रॅफिक सर्व्हरला शिवतच नाही आणि सर्व्हरवरची फायरवॉल कितीही कडक केली तरी इंटरनेटच्या बाबतीत उपयोग शून्य. दुसरं कार्ड काही महाग नसतं, जुन्या पीसीतलं काढून लावलं तरी चालतं, फक्त गिगाबिट असेल तर बरं, कारण सगळे क्लायंट एकदम बूट होताना इमेज (क्लायंटला जाणारी सिस्टिमची कॉपी) ह्याच कार्डावरून जाते.

आतल्या कार्डाला फिक्स आयपी द्या, १९२.१६८.६७.१. डीएनएसमास्क म्हणजे क्लायंटला आयपी आणि बूट फाइल देणारा प्रोग्रॅम, एलटीएसपीची त्याची तयार फाइल ह्याच रेंजची असते, त्यामुळे इथे हुशारी करून वेगळी रेंज घेण्यात काही मिळत नाही. (डेबियन-एज्यु वापरणाऱ्यांची रेंज वेगळी असते, तुम्ही तुमचीच ठेवा.) मग एलटीएसपी डीएनएसमास्क ही कमांड प्रॉक्सी-डीएचसीपी बंद ठेवून, म्हणजे तो पर्याय शून्य करून चालवा. आयपी ए टाइप करून दोन्ही कार्डांची नावं कागदावर लिहून घ्या. पुढे मी आतल्याला ईएनपी३एस० आणि बाहेरच्याला ईएनपी२एस० म्हणतोय, तुमच्याकडे वेगळी असतील.

पायरी ३: काय उघडं लागतं ते आधी कळू द्या

फायरवॉल लावायच्या आधी सर्व्हरवर सुडो एसएस डॅश टीयूएलपीएन चालवा. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर ऐकतोय ते दिसेल, आणि बऱ्याचदा अशा गोष्टी दिसतात ज्या कुणी मुद्दाम चालू केलेल्याच नसतात. नको त्या बंद करा. बंद सर्व्हिसला फायरवॉल लागत नाही.

आतल्या बाजूला लागणारे पोर्ट असे. डीएचसीपीला यूडीपी ६७. बूट फाइल देणाऱ्या टीएफटीपीला यूडीपी ६९. इमेज एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइल वाचायची पद्धत) जाते त्याला टीसीपी २०४९, आणि बूटच्या वेळी एनएफएस व्हर्जन ३ वापरलं जात असेल तर पोर्टमॅपरचा १११ आणि माउंटडीचा पोर्ट (तो आधी फिक्स करून) पण. साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या डीएनएसला ५३, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. लांबून सुरक्षित लॉगिन करायच्या एसएसएचला टीसीपी २२. प्रॉक्सी-डीएचसीपी वापरत असाल तरच यूडीपी ४०११. सरांच्या पीसीवरून सगळ्यांच्या स्क्रीन बघायला इपॉप्टीस टाकलं असेल तर टीसीपी ७८९. प्रिंटर सर्व्हरला जोडला असेल तर ६३१. बाहेरच्या बाजूला यातलं काहीही उघडं लागत नाही.

एसएसएच बद्दल नवीन माणसाला प्रश्न पडतो, मुलांना एसएसएच कशाला? तर नवीन एलटीएसपीमध्ये मूल लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड टाकतं तेव्हा तो तपासला जातो एसएसएचनेच, आणि त्याचं होम फोल्डर पण एसएसएचएफएसने माउंट होतं. २२ बंद केला की क्लायंट मस्त बूट होईल आणि लॉगिनला मात्र "चुकीचा पासवर्ड" म्हणेल, आणि तुम्ही पासवर्ड बदलत बसाल.

पायरी ४: यूएफडब्ल्यू लावायची

आधी पॉलिसी: सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग, मग डिफॉल्ट अलाउ आउटगोइंग, मग डिफॉल्ट डिनाय राउटेड. मग एकेक पोर्ट, असा: सुडो यूएफडब्ल्यू अलाउ इन ऑन ईएनपी३एस० टू एनी पोर्ट ६७ प्रोटो यूडीपी. वर सांगितलेल्या प्रत्येक पोर्टसाठी एक ओळ.

इथे एक जागा अशी आहे की जिथे भलेभले अडकतात. नियम कार्डाच्या नावावर लिहा, "फ्रॉम १९२.१६८.६७.०/२४" असा आयपीवर लिहू नका. कारण क्लायंट पहिल्यांदा डीएचसीपीला हाक मारतो तेव्हा त्याला आयपी मिळालेलाच नसतो, त्याचं पॅकेट ०.०.०.० वरून येतं, ते तुमच्या रेंजमध्ये बसत नाही आणि फायरवॉल ते फेकून देते. नियम वाचायला एकदम बरोबर वाटतो आणि क्लायंटला आयपीच मिळत नाही.

दुसरं, टीएफटीपी. विनंती ६९ वर येते पण फाइल सर्व्हर दुसऱ्याच कुठल्या तरी पोर्टवरून पाठवतो. आउटगोइंग उघडं ठेवलंय म्हणून हे आपोआप जमतं, सर्व्हरने स्वतः सुरू केलेल्या बोलण्याचं उत्तर फायरवॉल आत येऊ देते. कुणी जास्त कडक व्हायचं म्हणून आउटगोइंग पण डिनाय केलं की बूट तिथेच थांबतं. तसं करायचंच असेल तर डीएनएसमास्कमध्ये टीएफटीपी पोर्ट-रेंज ठरवून तेवढे पोर्ट उघडा, पण सुरुवातीला या भानगडीत पडू नका.

तिसरं, एसएसएचला यूएफडब्ल्यू लिमिट लावायचा सल्ला सगळीकडे दिसतो. लिमिट म्हणजे एकाच आयपीवरून ३० सेकंदांत ६ वेळा जोडायचा प्रयत्न झाला की बंद. बाहेरच्या बाजूला एसएसएच उघडाच ठेवायचा असेल तर लिमिट लावाच, पण आतल्या कार्डावर नको, कारण तिथे एसएसएच हेच लॉगिन आहे, चौथीतलं पोरगं चार-पाच वेळा पासवर्ड चुकवणारच. फेल२बॅन (पासवर्ड वारंवार चुकला की तो आयपी बंद करणारा प्रोग्रॅम) टाकलं असेल तर त्याच्या इग्नोर-आयपीमध्ये आतली रेंज घाला, नाहीतर पासवर्ड चुकवणाऱ्याबरोबर तो अख्खा पीसी दहा मिनिटं बाहेर बसतो आणि पुढच्या बॅचचं मूल पण लॉगिन करू शकत नाही.

याच्याच जवळचं अजून एक, जे फायरवॉलचं नाही पण दोष तिलाच मिळतो. तास सुरू झाला, सगळ्यांनी एकदम एंटर दाबलं, आणि दोन-तीन जणांचं लॉगिन फसलं. एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये मॅक्सस्टार्टअप्स नावाचं सेटिंग असतं, डिफॉल्ट १०:३०:१००, म्हणजे अजून लॉगिन न झालेली १० कनेक्शन जमली की पुढची तो अधूनमधून टाकून द्यायला लागतो. पहिला आकडा लॅबच्या पीसींपेक्षा मोठा करा, विषय संपला.

आता यूएफडब्ल्यू एनेबल करायच्या आधी परतीचा रस्ता ठेवा, विशेषतः सर्व्हरवर लांबून काम करत असाल तर. वेगळ्या विंडोत रूट होऊन "स्लीप ६००, मग यूएफडब्ल्यू डिसेबल" अशी ओळ चालवून ठेवा, आणि ती टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी ती मरत नाही. दहा मिनिटांत सगळं ठीक दिसलं तर ती थांबवा. मग एनेबल करा, स्टेटस व्हर्बोज बघा, आणि एकच क्लायंट रीस्टार्ट करा. सगळी लॅब नको.

बूट अडकलं तर स्क्रीनवरचा कोड वाचा

मला वाटतं नवीन माणसाने हे पाठच करावं. पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट. पीएक्सई-ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही, ६७ बघा. पीएक्सई-ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव नाही मिळालं, बहुतेक राउटरचा डीएचसीपी आत शिरलाय, केबल तपासा. ई५५ म्हणजे ४०११ वर कुणी बोललं नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपी टाइमआउट, ६९ बघा. हे सगळं पार झालं, कर्नल लोड झाला आणि मग थांबलं, तर एनएफएसचे पोर्ट.

तरीही कळत नसेल तर यूएफडब्ल्यू लॉगिंग ऑन करून लॉग बघा. अडवलेल्या पॅकेटची एक ओळ असते, "यूएफडब्ल्यू ब्लॉक" पासून सुरू होणारी, तिच्यात चारच गोष्टी वाचायच्या: इन पुढे कार्डाचं नाव, एसआरसी पुढे कुणाकडून, डीएसटी पुढे कुणाकडे, डीपीटी पुढे पोर्ट. इन मध्ये ईएनपी३एस०, एसआरसी १९२.१६८.६७.२५, डीपीटी २०४९ असं दिसलं तर तुमची एनएफएसची ओळ राहिली किंवा टाइप करताना कार्डाचं नाव चुकलं. आउट रिकामं असेल तर पॅकेट सर्व्हरसाठीच होतं, आउटमध्ये पण कार्डाचं नाव असेल तर ते फॉरवर्ड होत होतं. पायरी १ मधला फरक इथे डोळ्यांनी दिसतो.

पायरी ५: इंटरनेट, फॅट क्लायंटसाठी

इथे मी स्पष्टच सांगतो, फॉरवर्ड उघडूच नका. सगळीकडे आयपी फॉरवर्डिंग चालू करा, मास्करेड (सगळे क्लायंट सर्व्हरच्या एकाच आयपीने बाहेर) लावा असं लिहिलेलं असतं, आणि मग वेबसाइट बंद करायला एकेक आयपी शोधत बसतात. ते कधी संपत नाही, मोठ्या साइटचे आयपी सतत बदलतात. त्याऐवजी सर्व्हरवर स्क्विड (क्लायंटच्या वतीने साइट आणून देणारा प्रॉक्सी) टाका, आतल्या कार्डावर टीसीपी ३१२८ उघडा आणि वेबला तेवढाच एक दरवाजा ठेवा. फॉरवर्ड बंद, म्हणजे प्रॉक्सी सेटिंग काढून टाकलं तरी मुलाला बाहेर जायला वाटच नाही.

स्क्विडमध्ये डीएसटीडोमेन प्रकारची एसीएल (साइटच्या नावावर चालणारी नियमाची अट) बनवा, परवानगीच्या साइटची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नावाच्या आधी टिंब द्या म्हणजे सबडोमेन पण येतात. अलाउची ओळ शेवटच्या "डिनाय ऑल"च्या वर हवी, स्क्विड वरून खाली वाचतो आणि पहिली जुळली तिथे थांबतो. ई-बालभारती, दीक्षा, विकिपीडिया अशी यादी करा आणि प्रत्येक साइट स्वतः उघडून बघा. विकिपीडियाचं एक सांगून ठेवतो, फक्त विकिपीडियाचं डोमेन घातलं तर मजकूर दिसतो पण चित्रं येत नाहीत, ती विकिमीडियाच्या डोमेनवरून येतात, ते पण घाला. एचटीटीपीएसमध्ये स्क्विडला फक्त डोमेनचं नाव कळतं, आतलं पान कळत नाही, तेव्हा "ही साइट चालू पण हे पान बंद" असं इथे होणार नाही. ते मास्तरांनी लक्ष ठेवून करायचं काम आहे आणि त्यालाच इपॉप्टीस आहे.

वेळेचं बंधन हवं असेल तर स्क्विडची टाइम एसीएल वापरा, फक्त वारांची अक्षरं नीट बघा, गुरुवारला एच आणि शनिवारला ए असतं, एस म्हणजे रविवार.

ब्राउझरला प्रॉक्सी सांगायला फायरफॉक्सची पॉलिसीज डॉट जेसन फाइल ईटीसीमधल्या फायरफॉक्सच्या पॉलिसीज फोल्डरमध्ये ठेवा, त्यात प्रॉक्सी टाका आणि लॉक्ड ट्रू करा. त्याच फाइलमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस पण बंद करून लॉक करा. मग एलटीएसपी इमेज स्लॅश चालवून नवीन इमेज बनवा, नाहीतर सर्व्हरवर बदललेलं क्लायंटपर्यंत जाणारच नाही.

फॉरवर्ड बंद केल्यावर एक गोष्ट हमखास उपटते, घड्याळ. जुन्या पीसीची सीमॉसची बॅटरी गेलेली असते, तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची असते, बाहेरच्या टाइम सर्व्हरपर्यंत जाता येत नाही, आणि मग प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची एरर. सर्व्हरवर क्रोनी (टाइम सर्व्हर) टाका, त्यात आतल्या रेंजला अलाउ द्या, आतल्या कार्डावर यूडीपी १२३ उघडा आणि क्लायंटवर घड्याळ लावणारा जो प्रोग्रॅम चालतो त्याला टाइम सर्व्हर म्हणून "सर्व्हर" हेच नाव द्या, क्लायंटला ते नाव माहीत असतं.

थिन असेल तर

इथे माणसावर नियम लावायचा, मशीनवर नाही. मुलांचा एक ग्रुप करा, समजा विद्यार्थी, आणि ईटीसी-यूएफडब्ल्यूमधल्या बिफोर डॉट रूल्स फाइलमध्ये, लूपबॅकच्या (सर्व्हरचं स्वतःशीच बोलणं) ओळींच्या खाली, यूएफडब्ल्यू-बिफोर-आउटपुट चेनला एक ओळ घाला: ओनर मॉड्यूल, जीआयडी-ओनर विद्यार्थी, टीसीपी, पोर्ट ८० आणि ४४३, जंप रिजेक्ट. यूडीपी ४४३ साठी पण तशीच, आणि बिफोर६ डॉट रूल्समध्ये पण तेच (तिथे चेनचं नाव यूएफडब्ल्यू६ ने सुरू होतं), नाहीतर आयपीव्ही६ मोकळं राहतं आणि आता बऱ्याच फायबर कनेक्शनला ते येतं. लूपबॅक आधीच अलाउ असल्याने मुलांचा ब्राउझर त्याच सर्व्हरवरच्या स्क्विडपर्यंत पोचतो, आणि स्क्विड प्रॉक्सी नावाच्या वेगळ्या युजरने चालतो म्हणून त्याला हा नियम लागत नाही. ड्रॉप न घेता रिजेक्ट घ्या, ड्रॉपमध्ये ब्राउझर बराच वेळ गोल फिरत राहतो आणि मुलांना वाटतं नेट स्लो आहे.

आणि हे नीट वाचा: हा नियम युजरचा प्रायमरी ग्रुप बघतो. उबंटू-डेबियनमध्ये युजर बनवला की त्याच्याच नावाचा ग्रुप प्रायमरी होतो आणि विद्यार्थी हा नुसता जोडग्रुप राहतो, मग नियम असून नसल्यासारखा. युजरमॉड डॅश छोटा जी ने प्रायमरी ग्रुपच विद्यार्थी करा, आणि आयडी कमांडने जीआयडी तपासा.

पायरी ६: राहिलेली भोकं

एसएसएच सगळ्यांना उघडा आहे म्हणजे फॅट क्लायंटवरचा एखादा हुशार मुलगा एसएसएच डॅश डी करून सर्व्हरमधूनच बोगदा काढू शकतो, आणि तो फॉरवर्डमध्ये दिसतच नाही. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये मॅच ग्रुप विद्यार्थी लिहून त्याखाली अलाउटीसीपीफॉरवर्डिंग नो द्या. लॉगिन आणि होम फोल्डरला याने काही होत नाही. एक्सटूगो वापरत असाल तर मात्र हे करू नका, त्याला फॉरवर्डिंग लागतं. शिवाय मुलाला सर्व्हरवर शेल मिळू शकतो, म्हणून वरचा ओनरचा नियम फॅट लॅबमध्ये पण लावून ठेवा.

एनएफएस: एलटीएसपीची तयार एक्सपोर्ट फाइल तारांकन वापरते, म्हणजे कुणालाही वाचता येईल. तारांकनाच्या जागी १९२.१६८.६७.०/२४ टाका. तरीही आतल्या स्विचला लॅपटॉप लावणारा इमेज वाचू शकतो हे धरूनच चाला, आणि इमेजमध्ये कुठलाही पासवर्ड, वायफायची की, ऑफिसची फाइल राहू देऊ नका. ऑटोलॉगिनसाठी एलटीएसपी डॉट कॉन्फमध्ये जो पासवर्ड लिहितात तो बेस६४ असतो, ते एन्क्रिप्शन नाही, एका कमांडीत उलटा वाचता येतो, आणि ती फाइल टीएफटीपीवरून सगळ्या क्लायंटना जाते. त्या युजरला दुसरीकडे कुठेही किंमत नसावी.

एमएसी पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) ओळखीच्याच पीसीला आयपी द्यायचं डीएनएसमास्कमध्ये जमतं, लावा, पण एमएसी बदलता येतो तेव्हा तो नियम म्हणजे दारावर नाव विचारण्यासारखा आहे, ओळखपत्र बघण्यासारखा नाही. त्यापेक्षा बायोसला पासवर्ड टाकून यूएसबी बूट बंद करणं जास्त कामाचं.

इपॉप्टीस ग्रुपमध्ये फक्त शिक्षक. सोयीसाठी सुद्धा एखाद्या मुलाला त्यात घेऊ नका, त्या ग्रुपमधला माणूस प्रत्येकाची स्क्रीन बघू शकतो.

शेवटी, फॅट क्लायंटची इमेज ही सर्व्हरचीच कॉपी असते, त्यामुळे सर्व्हरची यूएफडब्ल्यू पण तिच्याबरोबर क्लायंटवर जाऊ शकते, आणि हे नियम तिथे नकोत. एलटीएसपी डॉट कॉन्फमध्ये मास्क-सिस्टिम-सर्व्हिसेसमध्ये यूएफडब्ल्यू घाला, मग एलटीएसपी इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला क्लायंटला जाणारी सेटिंगची फाइल बनवणारी कमांड) चालवा, कारण त्या फाइलमधला कुठलाही बदल इनिटआरडी केल्याशिवाय क्लायंटला कळत नाही.

सगळं झालं की राउटरच्या बाजूला एक लॅपटॉप लावून सर्व्हरच्या बाहेरच्या आयपीवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम) चालवा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. टीसीपीचा एकही पोर्ट ओपन दिसायला नको. यूडीपीत "ओपन ऑर फिल्टर्ड" असं येईल, त्याला घाबरू नका, उत्तर न आल्यावर एनमॅप तसंच लिहितो. मग एका विद्यार्थ्याच्या अकाउंटने लॉगिन करून यादीबाहेरची साइट, मोबाइल हॉटस्पॉट आणि एसएसएच डॅश डी, तिन्ही स्वतः करून बघा. हॉटस्पॉट चालला तर क्लायंटमधलं वायफाय बायोसमधून बंद करा.